कॅटलिना न काढता मोहावी: एक्स्टर्नल ड्राइव्ह तयार करण्याचा अनुभव

माझ्या २०१२च्या मॅकबुक प्रोवर मॅकओएस कॅटलिना आहे आणि रोजच्या कामाला ती पुरते. तरी गेल्या डिसेंबरात मला तिच्या आधीची प्रणाली, म्हणजे मोहावी, लावून घ्यावी लागली. कारण एकच, ॲपर्चर. फोटो सांभाळायचा हा प्रोग्राम २००५ साली आला, जून २०१४मध्ये त्याचं काम थांबवत असल्याचं जाहीर झालं, एप्रिल २०१५मध्ये तो विक्रीतून गेला, आणि तो चालवू शकणारी शेवटची प्रणाली मोहावी ठरली. आमच्या घरातल्या जुन्या अल्बमांचे स्कॅन केलेले फोटो त्याच्याच लायब्ररीत आहेत.

नुसत्या प्रतिमा वाचवायच्या असत्या तर एवढा खटाटोप लागला नसता. ॲपर्चरची लायब्ररी फोटोज या नंतरच्या ॲपमध्ये आणता येते. मूळ प्रतिमा येतात, त्यांवर केलेले बदल दिसतात, तारे आणि रंगीत खुणा कीवर्ड होऊन येतात. पण ॲपर्चरमध्ये स्वतःचे रकाने बनवायची सोय होती आणि मी ती भरपूर वापरली होती. फोटोच्या मागे काय लिहिलं होतं, ते कुणाच्या अक्षरात होतं, फोटोतली माणसं कुणी ओळखून दिली, असे ते रकाने. आई आणि मावशी एकेक फोटो हातात घेऊन सांगत होत्या आणि मी टाइप करत होते. मावशी आता नाही. हे रकाने फोटोजमध्ये येत नाहीत. ते बाहेर काढायचे तर ॲपर्चरच चालू करायला हवं होतं.

ॲपर्चर नव्या प्रणालीवर चालवून देणारं रेट्रोॲक्टिव्ह नावाचं एक मोफत साधन आहे आणि अनेकांचं काम त्याने भागतं. मी त्या वाटेने गेले नाही. या नोंदी दुसरीकडे कुठेही नव्हत्या. त्यामुळे प्रोग्राम ज्या प्रणालीवर नीट चालतो हे माहीत आहे, तिथेच तो उघडावा असं मला वाटलं.

असं काम अंगावर आलेल्या दुसऱ्या कुणाला वाट सापडावी म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. यात अवघड असं फार थोडं आहे. गोंधळ होतो तो संदेशांमुळे, कारण पडद्यावर येणारा संदेश आणि खरं कारण यांचा बऱ्याचदा मेळ नसतो. तो मेळ घालता आला की उरतं ते फक्त थांबणं.

पहिला प्रश्न हा होता की माझं मशीन मोहावी घेईल का. मॅकच्या बाबतीत याला दोन टोकं असतात. वरचं टोक म्हणजे ते मशीन अधिकृतपणे कुठवर जाऊ शकतं, आणि खालचं टोक म्हणजे ते कोणत्या प्रणालीसह आलं. जी प्रणाली घालून मशीन विकलं गेलं तिच्या मागे ते जात नाही. माझं मॉडेल लायनसह आलं होतं आणि कॅटलिनापर्यंत जातं, म्हणजे मोहावी मधोमध बसते. २०१९च्या अखेरीस आलेला सोळा इंची मॅकबुक प्रो कॅटलिनासहच आला, त्यामुळे त्यावर मोहावी चालणार नाही. नोव्हेंबर २०२०पासून आलेल्या ॲपल सिलिकॉनच्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या, मशीनवर तर प्रश्नच मिटला. डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदाच्या चिन्हावर ‘अबाउट धिस मॅक’मध्ये मॉडेलचं साल दिसतं. बाकी काहीही करण्याआधी ते बघा, म्हणजे पुढची मेहनत वाया जाणार नाही.

दुसरा निर्णय जागेचा. कॅटलिना पुसून तिच्या जागी मोहावी टाकणं मला नको होतं, कारण रोजचं काम तिच्यावरच होतं. एक एक्स्टर्नल एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान ड्राइव्ह, घ्यायची, तिचे दोन भाग करायचे, छोट्या भागात इन्स्टॉलर, म्हणजे प्रणाली लावून देणारा प्रोग्राम, आणि मोठ्या भागात प्रत्यक्ष मोहावी, असं ठरवलं. गरज पडली की ड्राइव्ह जोडायची, तिच्यावरून मशीन सुरू करायचं, काम झालं की काढून ठेवायची. खर्च म्हणाल तर एवढ्या एका ड्राइव्हचाच, प्रणाली स्वतः फुकट मिळते. ड्राइव्ह मात्र एसएसडीच घ्या. मोहावी फिरत्या चकतीच्या ड्राइव्हवरही लागते, पण तिची फाइल व्यवस्था, एपीएफएस, मुळात एसएसडी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. चकतीवर प्रत्येक क्लिकनंतर वाट बघावी लागते.

ड्राइव्ह हातात येईपर्यंत बॅकअप उरकून घेतला. टाइम मशीन या मॅकमधल्याच बॅकअपच्या साधनाने पूर्ण बॅकअप एका डिस्कवर, आणि ॲपर्चरच्या लायब्ररीची वेगळी प्रत दुसऱ्या डिस्कवर. मूळ लायब्ररीला हात लावायचा नाही, पुढचं सगळं काम प्रतीवर करायचं, एवढा एक नियम ठरवून घेतला. पुढे जेव्हा जेव्हा धाकधूक वाटली तेव्हा त्या दुसऱ्या डिस्कचा मोठा आधार वाटला.

ड्राइव्ह आली. जोडल्याबरोबर कॅटलिनाने विचारलं, ही टाइम मशीनसाठी वापरायची का? इथे नको म्हणायचं. नाहीतर मशीन तिकडे बॅकअप घ्यायला लागतं आणि ऐन वेळी ड्राइव्ह मोकळी होत नाही.

आता डिस्क युटिलिटी, म्हणजे ड्राइव्ह पुसायचं आणि विभागायचं मॅकमधलं साधन. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ड्राइव्ह सगळ्या प्रकारच्या संगणकांवर चालाव्यात म्हणून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या असतात, आणि अनेकींची विभागणी मास्टर बूट रेकॉर्ड या जुन्या पद्धतीची असते. माझ्यासारख्या इंटेल चिपच्या मॅकला सुरू होण्यासाठी जीयूआयडी पार्टिशन मॅप ही नवी विभागणी लागते. डिस्क युटिलिटी उघडल्यावर डावीकडे नुसतं ड्राइव्हचं नाव दिसतं आणि ते निवडून ‘इरेज’ दाबलं तर फॉरमॅट विचारलं जातं, पण विभागणीची पद्धत विचारलीच जात नाही. कारण तिथे दिसत असतो तो आतला भाग, आख्खी ड्राइव्ह नव्हे. वरच्या ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडलं की त्या नावाच्या वर आणखी एक ओळ येते, कंपनीच्या आणि मॉडेलच्या नावाची. ती निवडून ‘इरेज’ दाबल्यावरच ‘स्कीम’ हा तिसरा पर्याय दिसतो. या सगळ्या कामात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन. नुसता आतला भाग कितीही वेळा फॉरमॅट केला तरी विभागणी जुनीच राहते, आणि त्याचा फटका पुढे इन्स्टॉल करताना बसतो.

फॉरमॅट ‘मॅकओएस एक्स्टेंडेड, जर्नल्ड’ ठेवला. एपीएफएसचा पर्यायही दिसत होता, पण मोहावीचा इन्स्टॉलर ज्या भागावर बनवायचा तो भाग एक्स्टेंडेडच लागतो. आख्खी ड्राइव्ह अशी पुसून झाल्यावर ‘पार्टिशन’ बटणाने दोन भाग केले, एक १६ जीबीचा आणि उरलेला सगळा दुसरा. नावं एकाच शब्दाची, मधे जागा न सोडता दिली, कारण टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, नावातली मोकळी जागा त्रास देते. मोठा भागही तूर्त एक्स्टेंडेडच ठेवला. तो एपीएफएस करायचं काम मोहावीच्याच साधनाने करायचं ठरवलं होतं, म्हणजे कॅटलिनाची नवी आणि मोहावीची जुनी एपीएफएस यांत फरक पडायची शंका उरत नाही.

काम नीट झालं की नाही हे बघायचा सोपा मार्ग आहे. टर्मिनल उघडून ‘डिस्कयुटिल’ आणि ‘लिस्ट’ हे दोन शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबायचं. प्रत्येक ड्राइव्हच्या यादीत पहिल्या ओळीवर तिची विभागणी लिहिलेली असते. तिथे जीयूआयडी दिसलं की ठीक, एफडिस्क दिसलं की विभागणी अजून जुनीच आहे. यादीत ईएफआय नावाचा सुमारे २०० एमबीचा एक भाग आपण न बनवताही दिसतो. जीयूआयडी पद्धतीत तो आपोआप तयार होतो, त्याला तसाच राहू द्यायचा.

माझ्याकडे मोहावीचा एक जुना पेन ड्राइव्हही होता. मोहावी २४ सप्टेंबर २०१८ला आली, त्याच वर्षी तो तयार केला होता. म्हणून नवीन डाउनलोडच्या आधी तोच लावून पाहिला. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी दोन्ही जोडल्या, मशीन सुरू करताना ऑप्शन की दाबून धरली, आणि आतल्या डिस्कशेजारी पिवळ्या रंगाचं इन्स्टॉलरचं चिन्ह आलं. तिथवर सगळं सुरळीत होतं. ‘इन्स्टॉल’ दाबून पुढे गेल्यावर संदेश आला की इन्स्टॉलरची ही प्रत खराब झालेली आहे आणि तिने मॅकओएस लावता येणार नाही.

हा संदेश वाचला की कुणीही पेन ड्राइव्हलाच दोष देईल. दुसरा घेईल, पुन्हा बनवेल, आणि जुन्याच डाउनलोडवरून बनवला तर पुन्हा हेच वाचेल. खरं कारण तारखेचं आहे. इन्स्टॉलरवर जी डिजिटल सही असते तिच्यामागच्या प्रमाणपत्राची मुदत २४ ऑक्टोबर २०१९ला संपली. त्याआधी उतरवलेल्या प्रती त्या दिवसापासून मशीनला अविश्वसनीय वाटू लागल्या. फाइल जशीच्या तशी आहे, तिच्यातला एक बाइटही बिघडलेला नाही, फक्त सहीची मुदत गेली आहे. नव्या सहीच्या प्रती नंतर उपलब्ध झाल्या, म्हणून उपाय सरळ आहे. इन्स्टॉलर पुन्हा उतरवायचा.

दुसराही एक उपाय आहे आणि इंटरनेट नसेल तर तो कामाला येतो. इन्स्टॉलरच्याच ‘युटिलिटीज’ मेनूत टर्मिनल असतं. वाय-फाय बंद ठेवून तिथे ‘डेट’ या आज्ञेने मशीनची तारीख मुदतीच्या आत, म्हणजे समजा २०१९च्या सुरुवातीला नेली की तीच प्रत चालू लागते. त्या आज्ञेत महिना, दिवस, तास, मिनिटं आणि शेवटी साल असे दोन दोन आकडे जोडून लिहायचे असतात. मी हे केलं नाही, कारण माझ्या पेन ड्राइव्हवर मोहावीची अगदी सुरुवातीची आवृत्ती होती आणि मला १०.१४.६ ही शेवटची हवी होती. ‘डेट’ नुसतं टाइप करून मशीनला आज कोणती तारीख वाटते आहे हे मात्र पाहून ठेवलं. बरेच दिवस बॅटरी उतरलेल्या मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असू शकतं, आणि तेव्हाही इन्स्टॉलर तारखेचं नाव न काढता दुसरीच काही अडचण सांगतो.

मग डाउनलोड. ॲप स्टोअरमध्ये नाव टाकून शोधलं तर मोहावी सापडत नाही. ॲपलच्या मदतीच्या पानांत जुन्या मॅकओएस उतरवण्यावर एक पान आहे, तिथली लिंक दाबली की ॲप स्टोअर उघडून थेट मोहावीच्या पानावर जातं. कॅटलिनावर आणखी एक मार्ग आहे. टर्मिनलमधल्या ‘सॉफ्टवेअरअपडेट’ या आज्ञेला पूर्ण इन्स्टॉलर आणायला सांगून १०.१४.६ हा आवृत्तीचा आकडा दिला की तीच फाइल येते. मी ॲप स्टोअरने गेले. फाइल सुमारे सहा जीबीची. माझ्या जोडणीवर ती रात्रभर उतरत राहिली. झोपण्याआधी ‘एनर्जी सेव्हर’मध्ये मशीन झोपी जाणार नाही अशी सोय केली, नाहीतर सकाळी अर्धवट फाइल मिळायची.

उतरलेल्या फाइलचा आकार जरूर बघा. कधीकधी पूर्ण इन्स्टॉलरऐवजी वीस-पंचवीस एमबीचा छोटासा तुकडा येतो. नाव आणि चिन्ह हुबेहूब तेच असतं. तो बाकीच्या फाइल इन्स्टॉल करताना इंटरनेटवरून घेतो, त्यामुळे बूट होणारी, म्हणजे जिच्यावरून मशीन सुरू करता येईल अशी, ड्राइव्ह त्याच्यापासून बनत नाही. ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये इन्स्टॉलरवर क्लिक करून कमांड-आय दाबलं की आकार कळतो.

आता इन्स्टॉलर चुकून उघडला, किंवा डाउनलोड संपल्यावर तो आपोआप उघडला, तर कॅटलिना सांगते की ही प्रत फार जुनी आहे, या प्रणालीवर उघडता येणार नाही. इथे अनेक जण थांबतात, कारण वाटतं की झालं, दार बंद. पण हे फक्त तो इन्स्टॉलर चालू प्रणालीतून उघडण्याबद्दल आहे. त्याच्या पोटात जी ड्राइव्ह बनवणारी आज्ञा आहे ती कॅटलिनावर व्यवस्थित चालते. तो संदेश बंद करायचा आणि पुढे जायचं.

ती आज्ञा म्हणजे ‘क्रिएट-इन्स्टॉल-मीडिया’, एका शब्दात जोडून लिहिलेली. सगळीकडे तिची लांबलचक ओळ दिलेली असते आणि ती टाइप करताना किंवा चिकटवताना एखादं चिन्ह हमखास इकडचं तिकडे होतं. विशेषतः ‘व्हॉल्यूम’ या शब्दाच्या आधी दोन छोट्या आडव्या रेघा लागतात. त्या ओळी कुठून तरी उचलताना दोन रेघांची मिळून एक लांब रेघ होते आणि टर्मिनलला ती कळत नाही. म्हणून मी ओढून टाकायची पद्धत वापरली. टर्मिनलमध्ये ‘सुडो’ (पुढची आज्ञा ॲडमिनच्या अधिकाराने चालवणारा शब्द, इंग्रजीत) आणि एक मोकळी जागा टाइप केली. मग ‘ॲप्लिकेशन्स’मध्ये इन्स्टॉलरवर उजवं क्लिक, ‘शो पॅकेज कंटेंट्स’, त्यात ‘कंटेंट्स’, त्यात ‘रिसोर्सेस’. तिथे ही आज्ञा फाइलच्या रूपात दिसते. ती उचलून टर्मिनलच्या खिडकीत सोडली की सगळा पत्ता अचूक लिहिला जातो. पुन्हा मोकळी जागा, दोन रेघा आणि ‘व्हॉल्यूम’, आणखी एक मोकळी जागा, आणि १६ जीबीच्या भागाचं चिन्ह डेस्कटॉपवरून उचलून तसंच सोडलं.

एंटर दाबण्यापूर्वी शेवटचं नाव नीट वाचायचं. ही आज्ञा तो भाग पूर्ण पुसते. ड्राइव्हच्या दुसऱ्या भागाला ती हात लावत नाही, पण नाव दुसऱ्याच कुठल्या डिस्कचं पडलं तर ती डिस्क जाईल. मी त्या वेळी टाइम मशीनची आणि लायब्ररीच्या प्रतीची, दोन्ही डिस्क काढून ठेवल्या होत्या. तेवढी काळजी घेतली की मन शांत राहतं.

पासवर्ड विचारला जातो. टाइप करताना पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत. मशीन अडकलंय असं वाटतं, पण ते अक्षरं घेत असतं. खातं मात्र ॲडमिनचं हवं. मग इंग्रजी वाय दाबून होकार द्यायचा. याच सुमारास कॅटलिना एक छोटी खिडकी दाखवते की टर्मिनलला काढता येणाऱ्या ड्राइव्हवरच्या फाइल बघायच्या आहेत, परवानगी आहे का. ती दुसऱ्या खिडकीमागे लपली किंवा नकार दिला गेला तर आज्ञा ‘डिस्क पुसताना अडचण आली’ असं म्हणून थांबते. ड्राइव्ह ठीक असते, अडलेली असते ती परवानगी. सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’त, ‘प्रायव्हसी’खाली टर्मिनलला ‘फुल डिस्क ॲक्सेस’ देऊन ते बंद करून पुन्हा उघडलं की काम पुढे सरकतं. ड्राइव्ह तयार झाल्यावर ही परवानगी काढून घ्यावी.

पुसणं लगेच झालं. फाइल ड्राइव्हवर उतरवताना टक्के हळूहळू चढत गेले. एसएसडीवर हे थोड्या मिनिटांचं काम आहे. साध्या पेन ड्राइव्हवर अर्धा तासही जातो आणि आकडा एकाच जागी बराच वेळ बसून राहतो, तेव्हा खिडकी बंद करायची नाही. शेवटी इन्स्टॉलर तयार असल्याची ओळ आली आणि माझ्या भागाचं नाव बदलून ‘इन्स्टॉल मॅकओएस मोहावी’ झालं. हे नाव आज्ञा स्वतःच देते.

पुन्हा ऑप्शन की, पुन्हा पिवळं चिन्ह. ड्राइव्ह हबमधून न जोडता थेट मशीनला जोडली होती. हबमधून कधीकधी हे चिन्ह येतच नाही. २०१८च्या आसपासच्या टी२ ही सुरक्षेची चिप असलेल्या मशीनवर इथे आणखी एक पायरी असते. त्यांच्यावर बाहेरच्या ड्राइव्हवरून सुरू होणं मुळातच बंद असतं. मशीन सुरू करताना कमांड-आर दाबून रिकव्हरी या दुरुस्तीच्या भागात जायचं आणि ‘स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी’त ते खुलं करायचं. माझ्या मशीनमध्ये टी२ नाही.

आतल्या डिस्क युटिलिटीत मोठा भाग एपीएफएस करून घेतला. या पडद्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. कॅटलिना आपली जागा दोन व्हॉल्यूममध्ये ठेवते, एक प्रणालीचं आणि एक आपल्या फाइलचं. मोहावीच्या साधनाला ही जोडी कळत नाही, म्हणून ती दोन वेगळी नावं दिसतात. त्यांतलं एखादं फालतू समजून पुसलं तर रोजचं मशीन गेलं. मी प्रत्येक ओळीचं नाव आणि आकार कागदाशी ताडून पाहिला. हा कागद आदल्या दिवशी ‘डिस्कयुटिल’च्या यादीवरून करून ठेवला होता. शिवाय इथे पुसायचा तो फक्त मोठा भाग. वरची आख्ख्या ड्राइव्हची ओळ नाही, कारण आपण त्याच ड्राइव्हवरून चालू झालेलो असतो.

‘इन्स्टॉल’ दाबल्यावर आधी आतली डिस्क पुढे केली जाते. ‘शो ऑल डिस्क्स’ दाबून आपला भाग निवडायचा. ड्राइव्ह जीयूआयडी नसती तर याच जागी तिच्यावर लावता येणार नाही असं उत्तर मिळालं असतं.

मग वाट बघणं. उरलेल्या वेळेच्या अंदाजावर भिस्त ठेवू नये. दोन मिनिटं उरली असं म्हणून तो बराच वेळ तिथेच थांबला. अशा वेळी कमांड-एल दाबा. इन्स्टॉलरची नोंदवही उघडते आणि तिच्यातल्या ओळी सरकत असतील तर काम चालू आहे. हे माहीत नसलेल्या माणसाचा हात अशा वेळी पॉवरच्या बटणाकडे जातो. मधे मशीन रीस्टार्ट झालं, काळ्या पडद्यावर पट्टी आली. रीस्टार्टनंतर थेट कॅटलिना उघडली तर घाबरायचं कारण नाही. पुन्हा ऑप्शन की धरून बाहेरच्या ड्राइव्हवरचा इन्स्टॉलर निवडला की उरलेलं काम पुढे चालू होतं.

संध्याकाळी मोहावी उघडली. सुरुवातीच्या प्रश्नांत जुनी माहिती आणायची का, याला नाही म्हटलं. नव्या प्रणालीवरून जुनीवर माहिती आणणं मायग्रेशन असिस्टंटला जमतच नाही. आयक्लाउडमध्येही साइन-इन केलं नाही. कॅटलिनाच्या वेळी रिमाइंडर्सची साठवण बदलली आणि बदललेल्या याद्या मोहावीत दिसत नाहीत, तेव्हा दोन पिढ्यांना एका खात्यावर एकत्र आणण्यात अर्थ नव्हता. टाइम मशीनही बंद ठेवलं. मोहावीची शेवटची सुरक्षा सुधारणा जुलै २०२१ची आहे. तेवढी घेऊन वाय-फाय बंद केलं. ही ड्राइव्ह इंटरनेटसाठी नाही.

ॲपर्चर ३.६ बॅकअपमधून ओढून ‘ॲप्लिकेशन्स’मध्ये ठेवलं. उघडताना त्याने ज्या खात्यावर ते घेतलं होतं त्याचा पासवर्ड मागितला, तेवढ्यापुरतं वाय-फाय लावलं. ॲप स्टोअरचं साइन-इन मोहावीत आयक्लाउडपासून वेगळं करता येतं, म्हणून आधीचा निर्णय बदलावा लागला नाही. लायब्ररीची प्रत कमांड आणि ऑप्शन दोन्ही दाबून उघडली, म्हणजे दुरुस्तीची खिडकी येते. इतकी वर्षं पडून असलेल्या लायब्ररीला ती दुरुस्ती एकदा करून घेणं बरं. पट्टी पुढे सरकत होती तेव्हा मी खोलीतून बाहेर गेले, बसवत नव्हतं.

परत आले तर अल्बम डावीकडे ओळीने होते. पहिला फोटो उघडून उजवीकडचे रकाने पाहिले. ‘मागे लिहिलेलं’ या रकान्यात मावशीने वाचून दाखवलेली तारीख होती आणि तिच्याखाली ‘अक्षर बहुधा आप्पांचं’ असं मीच टाइप केलेलं.

मग तीन प्रकारे सगळं बाहेर काढलं. मूळ प्रतिमा, शेजारी फोटोची माहिती ठेवणाऱ्या एक्सएमपी फाइलसह. सुधारलेले फोटो १६ बिटच्या टिफमध्ये. या फाइल अवाढव्य होतात, तेव्हा जागेचा हिशेब आधी करा. आणि तिसरं, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते. ‘एक्स्पोर्ट’ मेनूत ‘मेटाडेटा’ असा पर्याय आहे. तो निवडलेल्या सगळ्या फोटोंची माहिती एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून देतो, एका फोटोला एक ओळ, रकाने टॅबने वेगळे. ती कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. मोठ्या लायब्ररीत एकदम सगळं निवडू नका, एकेक अल्बम घ्या आणि फाइलला अल्बमचं नाव द्या. फोटोच्या फाइलचं नाव पहिल्या रकान्यात आलंय का हे बघून मगच पुढचा अल्बम. नाहीतर नोंद एकीकडे आणि फोटो एकीकडे व्हायचा.

ड्राइव्हवरचा इन्स्टॉलरचा भाग मी पुसलेला नाही. नव्या सहीच्या त्या इन्स्टॉलरची आणखी एक प्रत, उतरवल्याची तारीख नावात घालून, बॅकअपच्या डिस्कवर ठेवली आहे. काम झाल्यावर मोहावीच्या ‘स्टार्टअप डिस्क’मध्ये जाऊन आतली डिस्क पुन्हा निवडायची, म्हणजे पुढच्या वेळी मशीन सरळ कॅटलिनावर येतं. निर्यातीचे शेवटचे काही अल्बम अजून बाकी आहेत. आईला काही नावं पुन्हा विचारायची आहेत, त्यामुळे ते सावकाश करते आहे.